पुढे कौलं, मागे स्लॅब: आमच्या घराच्या विम्याचे अकरा महिने

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात. ओटी आणि माजघर जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं. मागच्या दोन खोल्या नंतर वाढवलेल्या, त्यांना स्लॅब. पुढे पत्र्याची पडवी, कडेला लाकडांसाठी झावळ्यांची खोप. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने अर्धं छप्पर नेलं तेव्हा विमा नव्हता. गेल्या ऑगस्टमध्ये 'भारत गृह रक्षा' घेतली. विमा नियामकाने २०२१ मध्ये आणलेली ही ठरावीक पॉलिसी, त्यामुळे मूळ अटी सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच.

एजंटाने अख्ख्या घरापुढे 'आरसीसी' (म्हणजे लोखंड-काँक्रीटचं बांधकाम) लिहून फॉर्म सहीला पुढे केला. मी सही केली नाही. कोऱ्या कागदावर खोलीवार लिहिलं: भिंत कशाची, छप्पर कशाचं, कधी बांधलं. फोटो लावले आणि पोच घेतली. पॉलिसीत लाकडी फळ्या, गवत, झावळ्या, ताडपत्री यांचं बांधकाम 'कच्चं' धरतात, म्हणून खोप सोडून दिली. चिरा आणि कौलं त्यात येत नाहीत, हे मात्र नीट वाचून घ्या. कौलारू म्हणजे कच्चं असं आम्हाला दोन ठिकाणी सांगितलं गेलं.

विम्याची रक्कम चटई क्षेत्र (घरातली वापरायची जागा) गुणिले बांधकामाचा दर अशी निघते. बाहेरच्या भिंतींची जाडी त्यात नाही, पडवी फक्त २५ टक्के धरतात. एजंटाने घरपट्टीच्या उताऱ्यावरचा आकडा उचलला होता. आम्ही टेप लावून पुन्हा मोजलं.

जूनच्या वाऱ्यात आंब्याची मोठी फांदी पडवीवर आणि माजघराच्या कडेवर आली. त्याच दिवशी कळवलं, काहीही हलवण्याआधी फोटो काढले. तिसऱ्या दिवशी नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले. त्यांच्या हातात माझाच कागद होता, त्यामुळे छप्पर कशाचं यावर वादच झाला नाही. वाद झाला वाशांवर. तीन वासे वाळवीने आधीच पोखरलेले होते, ते त्यांनी वजा केले. मला राग आला, पण सुताराने वासा चिरून दाखवल्यावर गप्प बसलो. जुनी झीज आणि वाळवी विम्यात नाहीच. कौलं, रिपा, पत्रे आणि मजुरी मिळाली, पाच आठवड्यांनी. आईला तेवढे दिवस मागच्या खोलीत झोपवावं लागलं, तो काळ फार जड गेला.

नूतनीकरण ऑगस्टमध्ये आहे. सगळे वासे सुताराकडून तपासून वाळवीचं औषध मारून घेतोय. त्याची पावती आणि नवे फोटो त्याच फाइलला लावणार आहे.