लोडशेडिंगला उत्तम, प्रलयाला नाही: १५० एएच ट्युब्युलर बॅटरी

एके दिवशी सगळंच ठप्प होईल, या धास्तीनं १५० एएचची (अँपिअर-तासांची) टॉल ट्युब्युलर बॅटरी आणि साइनवेव्ह इन्व्हर्टर घ्यायचा विचार असेल, तर आधी हिशेब करा. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. दोन पंखे, चार एलईडी आणि राउटर, मिळून २०० वॉट, नव्या बॅटरीवर साधारण सहा तास चालतात. नागपूरच्या मे महिन्यात त्यावर कूलर टाकला की तीन तासही कठीण.

म्हणजे हळूहळू ढासळणाऱ्या व्यवस्थेसाठी ही वस्तू चांगली आहे. आणि ढासळणं बहुधा तसंच असतं. कोसळणं दिसतं ते शेवटी. ३० जुलै २०१२ला पहाटे बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइन ट्रिप झाली आणि काही मिनिटांत उत्तरेची ग्रिड बसली. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य ग्रिडही गेली. पण राज्यं वाट्याबाहेर वीज ओढत होती, काही लाइनी आधीच बंद होत्या. इतिहासातही तेच: नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं १८५४ला. पण देवगावच्या तहात कटक आणि वऱ्हाड १८०३लाच गेलं होतं, सीताबर्डीची लढाई १८१७ला हरली होती.

बॅटरीही अशीच जाते. सहापैकी एक सेल महिनोन्‌महिने कमजोर होत राहतो आणि बाकीचे पाच त्याला सांभाळून घेतात. मग एका रात्री लोड पडताच व्होल्टेज साडेदहावर येतं आणि इन्व्हर्टर दहा मिनिटांत बीप देऊन बंद. वरचे फ्लोट फक्त पाण्याची पातळी दाखवतात, सेलची तब्येत नाही. त्यासाठी हायड्रोमीटरच, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी, लागतो. पूर्ण चार्जनंतर प्रत्येक सेलचं रीडिंग १२३० ते १२४०च्या आसपास हवं. पाच बरोबर आणि एक ११५०वर असेल, तर वॉरंटी कार्ड शोधायला घ्या. पाणी टाकल्या टाकल्या मोजू नका, रीडिंग खोटं येतं.

उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा, डिस्टिल्ड वॉटरच टाका. आरओचं चालत नाही, त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात. टिनाच्या शेडखाली बॅटरी ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य स्वतःच्या हातानं कापणं: तापमान दहा अंशांनी वाढलं की ते जवळपास निम्मं होतं. सावलीत, हवा खेळती असेल तिथे ठेवा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

लोडशेडिंगसाठी पाचपैकी चार गुण. प्रलयाच्या भीतीनं दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा हायड्रोमीटर आणि पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या.