बोलोन्यातलं मोरांदीचं घर: बाटल्या पाहायला जावं असं

इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदीची (1890–1964) स्थिरचित्रं, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंची चित्रं, फक्त पुस्तकात पाहिली असतील, तर इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या दोन जागा चुकवू नका. आधी चित्रं पाहा, मग घर. चित्रं 2012पासून 'माम्बो' संग्रहालयात आहेत. ती इमारत म्हणजे शहराची जुनी पावभट्टी. छपाईत त्याचे करडे रंग सपाट दिसतात. समोर उभं राहिलं की कळतं, बाटलीची कड रेषेनं काढलेलीच नाही. दोन जाड फटकारे जिथे भेटतात, तिथे ती थरथरत उभी राहते.

फोन्दात्सा रस्त्यावरचं 36 क्रमांकाचं घर तिथून चालत साधारण अर्ध्या तासावर आहे. ते मोजक्या वेळीच उघडं असतं, त्यामुळे आधी विचारून घ्या. इथे तो तीन बहिणींसोबत राहायचा. झोपायची खोली तीच आणि कामाचीही तीच. बाटल्या, डबे, सुरया, दिवे, सगळं साधं घरगुती सामान. काही बाटल्यांना त्यानं बाहेरून मॅट रंग फासला, काहींच्या आत रंग ओतला. कारण काचेत खिडकीचं प्रतिबिंब चमकलं की डोळा तिथेच अडकतो, आकार आणि छटा हातातून निसटतात. टेबलावरच्या कागदावर वस्तूंच्या बुडाभोवती पेन्सिलीच्या खुणा आहेत. एखादी बाटली बोटभर सरकली तरी त्यांच्यातलं नातं बदलतं. ही चित्रं मनाला भिडतात ती याच अंतरांमुळे. दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकू नयेत, असं चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या शिकवणीत बजावतात. मोरांदी त्या मुद्दाम टेकवतो, आणि डबे घाबरलेल्या भावंडांसारखे एकमेकांना बिलगतात.

तरुण चित्रकारांनी घरी हे जरूर करून पाहावं. तीन रिकाम्या बाटल्या घ्या, लेबलं काढून साबणानं धुवा; तेलकट काचेवर रंग धरत नाही. पांढऱ्या पोस्टर रंगात थोडी राख आणि थेंबभर फेविकॉल घालून दोन पातळ हात द्या. फेविकॉल नसेल तर वाळल्यावर पोपडे निघतात, जास्त झाला तर पुन्हा चमक येते. उजेड एकाच बाजूच्या खिडकीचा हवा; वरचा दिवा चालू राहिला तर दुहेरी सावल्या पडतात आणि बाटल्यांमधली मोकळी जागाच मरते. बुडाभोवती पेन्सिल फिरवायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी तीच मांडणी पुन्हा सापडणार नाही.