ग्रॅम्प्स अकरा महिने वापरल्यावर: आधी कागद, मग माणूस

अकरा महिन्यांपूर्वी माझी सगळी वंशावळ एका एक्सेल शीटमध्ये होती. दीडशेच्या आसपास नावं, त्यापुढे जन्मसाल, त्यापुढे आईवडिलांचा रकाना. तीन वर्षं त्यात जमेल तशी भर घालत होते. एक दिवस मामाने सहज विचारलं, "खापरपणजोबांचं जन्मसाल १८७२ तू कुठून घेतलंस?" मला उत्तर देता येईना. कुणी सांगितलं होतं, कुठल्या कागदावर पाहिलं होतं की मीच अंदाजाने टाकलं होतं, काही म्हणजे काही आठवेना. त्याच आठवड्यात मी ग्रॅम्प्स डाउनलोड केलं. आता वर्ष होत आलंय, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रॅम्प्स हे वंशावळीच्या संशोधनाचं मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. २००१ पासून त्यावर काम चालू आहे. लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालतं. डेटा तुमच्याच संगणकावर राहतो. ऑनलाइन सेवांसारखं ते आपणहून जुनी दप्तरं धुंडाळत नाही, "हे तुमचे पूर्वज असू शकतात" अशा सूचना पाठवत नाही. मला सुरुवातीला ही उणीव वाटली होती. आता तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

पहिले दोन महिने मी चुकीच्या टोकाने काम केलं. एक्सेलची सवय होती, म्हणून एकामागून एक माणसं भरत सुटले. नाव, जन्म, मृत्यू, सेव्ह. चित्र सुरेख तयार झालं, फांद्या पसरल्या, पण मामाच्या प्रश्नाचं उत्तर होतं तिथेच होतं. मग मदतपुस्तिका शांतपणे वाचली आणि या सॉफ्टवेअरची रचना डोक्यात बसली. यात माणूस, कुटुंब, घटना आणि ठिकाण या वेगवेगळ्या नोंदी असतात. त्यांच्याइतकंच महत्त्व साधनाला आणि दाखल्याला आहे. अख्खं रजिस्टर किंवा वही म्हणजे साधन, आणि त्यातली अमुक पानावरची अमुक ओळ म्हणजे दाखला. प्रत्येक दाखल्याला तुम्ही किती भरवशाचा मानता, हे पाच पायऱ्यांवर नोंदवता येतं. अगदी कमीपासून अगदी जास्तपर्यंत.

ते कळल्यावर मी सगळं पुन्हा भरलं. या वेळी आधी कागद, मग माणूस. एक लग्नाची नोंद समोर घ्यायची. रजिस्टर साधन म्हणून टाकायचं, पान आणि अनुक्रमांक दाखल्यात लिहायचे, मूळ मजकूर जसाच्या तसा टिपणात उतरवायचा, अगदी चुकीच्या शुद्धलेखनासकट. त्यानंतर लग्न ही घटना तयार करायची आणि मग त्या नोंदीत ज्यांची ज्यांची नावं आहेत ते सगळे तिला जोडायचे. वधू-वर तर आलेच, दोघांचे वडील आले, आणि साक्षीदारही. ग्रॅम्प्समध्ये एकाच घटनेला अनेक माणसं जोडता येतात आणि प्रत्येकाची भूमिका सांगता येते, त्यामुळे साक्षीदार हा साक्षीदार म्हणूनच राहतो. एका नोंदीला पाऊण तास जातो. पण अशाच एका नोंदीतला, मी त्या वेळी ओळखतही नसलेला दुसरा साक्षीदार सहा महिन्यांनी एका जुन्या पत्रात पुन्हा भेटला, आणि तो वधूचा थोरला भाऊ निघाला. एक्सेलमध्ये साक्षीदारांना रकानाच नव्हता. तो माणूस माझ्या हातून कायमचा निसटला असता.

आता त्या १८७२ बद्दल. कागद एकेक करून भरताना खापरपणजोबांचे तीन कागद समोर आले. नोकरीच्या एका कागदावर १९०६ साली त्यांचं वय ३४ लिहिलेलं आहे. मृत्यूच्या नोंदीत १९३८ साली वय ७०. आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मसाल १८७३. म्हणजे पहिल्या कागदावरून जन्म १८७१ किंवा १८७२ चा, दुसऱ्यावरून १८६७ किंवा १८६८ चा. माझा १८७२ कुठून आला असावा हे तेव्हा उमगलं: कधीतरी मी १९०६ मधून ३४ वजा केले होते आणि आलेला आकडा जन्मतारीख असल्यासारखा ठोकून दिला होता.

या ठिकाणी सॉफ्टवेअरची खरी मदत झाली. एकाच माणसाला जन्माच्या तीन घटना जोडता येतात. त्यातली एक मुख्य म्हणून दिसते, बाकीच्या मागे शाबूत राहतात. मी तिन्ही ठेवल्या आणि प्रत्येकीचा दाखला वेगळा दिला. मृत्यूच्या नोंदीतलं वय नातवाने सांगितलेलं होतं, जन्माच्या वेळी तो हजर असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि सत्तर हा आकडा तसाही गोळाबेरजेचा वाटतो. म्हणून त्याला कमी भरवसा दिला. शाळेतली नोंद जन्माच्या सर्वांत जवळची, पण शाळेत घालताना वय एखाद्या वर्षाने इकडेतिकडे होतं, म्हणून तिलाही सर्वोच्च दिला नाही. मुख्य घटनेत "१८७१ ते १८७३ दरम्यान" असं लिहिलं आणि असं का, ते खाली टिपणात मांडलं. मामाला ते पान दाखवलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "आता पटलं."

एकच कागद एका गोष्टीसाठी भरवशाचा आणि दुसरीसाठी कच्चा असू शकतो, हे नवीन लोकांना मला आवर्जून सांगावंसं वाटतं. मृत्यूची नोंद मृत्यूच्या तारखेसाठी उत्तम असते, कारण ती लगेच लिहिली जाते. जन्मासाठी ती ऐकीव. त्यामुळे भरवसा अख्ख्या कागदाला देऊ नका, त्यातल्या एकेका विधानाला द्या. मी त्यासाठी त्याच नोंदीचे दोन दाखले करते.

तारखांच्या बाबतीत आणखी एक. "सुमारे", "पूर्वी", "नंतर", "दरम्यान" हे प्रकार जवळपास सगळ्याच वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, ते वापरा. शिवाय तारीख अंदाजे आहे की हिशेब करून काढलेली, हेही ग्रॅम्प्समध्ये वेगळं नोंदवता येतं. आणि जुन्या युरोपीय नोंदी हाताळत असाल तर तारीख कुठल्या दिनदर्शिकेतली आहे ते निवडायला विसरू नका. ग्रेगोरियन दिनदर्शिका १५८२ मध्ये आली, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. पण ब्रिटनने ती १७५२ मध्ये स्वीकारली आणि तोवर इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म म्हणूनच जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२ असा मिळतो. दोन्ही बरोबर आहेत. एखाद्याने यातली एक तारीख "दुरुस्त" केली की पुढच्या माणसाला दोन वेगळी माणसं आहेत असं वाटू लागतं.

आता माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक. चौथ्या महिन्यात मी एका ऑनलाइन सेवेवर माझी वंशावळ चढवली होती. तिथे सूचना आली की पणजोबांच्या भावाची माहिती दुसऱ्या एका वंशावळीशी जुळते. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, जन्मसालात दोन वर्षांचा फरक. मी आनंदाने मान्य केलं, ती फांदी उतरवून घेतली आणि सरळ माझ्या मुख्य वंशावळीत इम्पोर्ट केली. चाळीसहून जास्त माणसं एका झटक्यात आली. मी त्या दिवशी फार खूश होते.

तीन आठवड्यांनी ग्रॅम्प्समधलं डेटा तपासणीचं साधन चालवलं. हे साधन अशक्य किंवा संशयास्पद गोष्टी शोधून यादी देतं: फार कमी वयात लग्न, आईचं वय फार जास्त असताना जन्मलेलं मूल, असं. त्या यादीत एक ओळ होती की मुलाचा जन्म वडिलांच्या मृत्यूनंतर झालाय. नंतर म्हणजे चार वर्षांनी. माझ्याकडे पणजोबांच्या भावाच्या मृत्यूचं पत्र होतं, त्यामुळे मृत्यूची तारीख पक्की होती. मग दोन शनिवार-रविवार घालवून उलगडा झाला. दोन चुलत भाऊ होते, दोघांना आजोबांचंच नाव दिलेलं, आणि त्यांच्या वडिलांची नावंही उच्चारात इतकी जवळची की कुणीतरी ती एकच समजून दोघांचा एक माणूस केला होता. आलेली सगळी माणसं दुसऱ्या भावाची होती.

दोन माणसं एकत्र जोडणं सोपं असतं, जोडलेली सोडवणं फार अवघड. कुठला दाखला कुणाचा होता हे एकदा मिसळलं की हाताने वेचावं लागतं. मी शेवटी बॅकअप परत आणला. तो इम्पोर्टच्या आदल्या दिवशीचा होता, म्हणून मधल्या तीन आठवड्यांचं काम पुन्हा भरावं लागलं. तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. बाहेरून आलेली फाईल आधी वेगळ्या, रिकाम्या वंशावळीत उघडायची. ग्रॅम्प्समध्ये हव्या तितक्या स्वतंत्र वंशावळी ठेवता येतात. तिच्यातल्या प्रत्येक माणसाचा मूळ कागद आपल्याला पाहायला मिळतो का ते बघायचं, आणि मिळाला तरच तो माणूस आपल्याकडे हाताने भरायचा. दुसऱ्याची वंशावळ म्हणजे पुरावा नव्हे, पुरावा कुठे शोधावा याची ती दिशा. आणि कुठल्याही इम्पोर्टच्या किंवा एकत्रीकरणाच्या आधी बॅकअप, न चुकता.

बॅकअपसाठी ग्रॅम्प्सचा स्वतःचा फॉरमॅट वापरा, गेडकॉम नको. गेडकॉम हा वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये वंशावळ नेण्याआणण्याचा सामायिक फॉरमॅट, १९८४ पासूनचा. त्याची खूप मोठी सोय आहे, तो नसता तर प्रत्येक जण आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडला असता. पण त्यातून जाताना काही तपशील गळतात, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर तो आपापल्या परीने वाचतं. मी एका नातेवाइकाला गेडकॉम पाठवली. त्यांच्याकडे फार जुनं सॉफ्टवेअर होतं, तिथे देवनागरीतलं प्रत्येक नाव प्रश्नचिन्हांची रांग होऊन उघडलं. २०२१ मध्ये आलेल्या गेडकॉम ७.० मध्ये यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) बंधनकारक आहे, पण जुन्या सॉफ्टवेअरला ते माहीतच नसतं. त्यामुळे मी आता पाठवण्याआधी दोन-तीन माणसांची छोटी फाईल पाठवून पाहते. नावं देवनागरीत ठेवते, आणि कागदावर रोमन लिपीत जसं लिहिलेलं सापडलं तसं पर्यायी नाव म्हणून जोडते. एका आडनावाची मला आतापर्यंत पाच स्पेलिंग सापडली आहेत, पाचही जपली आहेत. शोधताना तीच उपयोगी पडतात.

फोटोंबद्दल सावध करते. ग्रॅम्प्स फोटो आपल्या पोटात घेत नाही, फाईल कुठे आहे ते फक्त लक्षात ठेवतं. फोल्डर हलवलं की चित्रं दिसेनाशी होतात. सुरुवातीलाच एक फोल्डर ठरवा, सेटिंगमध्ये तेच मूळ फोल्डर म्हणून द्या आणि सगळं त्याच्या आतच ठेवा. फाईलच्या नावात वर्ष आणि कागदाचा प्रकार असू द्या. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कारण बरेचदा मजकूर तिथेच असतो.

ठिकाणं घटनेच्या वेळी ज्या नावाची होती त्या नावाने लिहा. सरहद्दी सरकतात, जिल्हे फुटतात, नावं बदलतात. ग्रॅम्प्समध्ये एका ठिकाणाला काळानुसार वेगवेगळी नावं देता येतात, आणि कुठल्या काळात ते कशाच्या हद्दीत होतं तेही सांगता येतं. जुनी नोंद आज कुठल्या दप्तरात सापडेल हे यावरूनच कळतं. स्त्रियांना माहेरच्या नावाने नोंदवा, लग्नानंतरचं नाव पर्यायी म्हणून. माझ्या एक्सेलमध्ये आठ बायका नुसत्या "अमुकची पत्नी" होत्या. त्यातल्या पाच जणींची नावं या वर्षात मिळाली. याचा मला सगळ्यांत जास्त आनंद आहे.

हयात माणसांची माहिती कुणालाही देताना गाळा. ग्रॅम्प्समध्ये नोंदीवर खासगी अशी खूण करता येते, आणि एक्स्पोर्ट करताना खासगी नोंदी आणि हयात व्यक्ती वगळण्याची सोय आहे. दत्तक जाणं, घटस्फोट, आजारपण अशा गोष्टी मी मृतांच्याही बाबतीत त्यांच्या मुलांना विचारल्याशिवाय उघड करत नाही.

कुणासाठी आहे हे? घाईघाईत भिंतीवर लावायला सुंदर तक्ता हवा असेल तर याहून सोपी सॉफ्टवेअर आहेत. पण हाताशी कागद असतील, ते नीट लावायचे असतील आणि आपल्यानंतर कुणीतरी हे पुढे न्यावं असं वाटत असेल, तर मी हेच सुचवेन. शिकायला मला दोन-अडीच महिने लागले. पहिले पन्नास कागद संपेपर्यंत धीर धरा.

आणि कागदांइतकीच घाई माणसांशी बोलण्याची करा. ऐकलेली आठवण हेही साधन आहे, ते तसंच भरा: कोणी सांगितलं, कधी, त्यांना ते कसं माहीत. गेल्या महिन्यात मी थोरल्या मावशीला फोटोंचा छापील अहवाल नेऊन दिला. ती बराच वेळ एका पानावर थांबली. खुर्चीत बसलेली, मांडीवर पुस्तक असलेली एक बाई, खाली पणजीचं नाव. मावशी म्हणाली, "ही माझी आजी नाही गं. ही तिची धाकटी बहीण. आजीच्या डाव्या भुवईवर व्रण होता, मी रोज पाहायची." त्या रात्री मी फोटो पणजीच्या नोंदीवरून काढला, बहिणीच्या नोंदीला जोडला आणि दाखल्यात लिहिलं: मावशीची तोंडी माहिती, वय ८३, आजीबरोबर लहानपणी एकाच घरात राहिलेली. भरवसा: जास्त. पणजीच्या फोटोची जागा आता रिकामी आहे.