संदर्भसूची लावून देतो म्हणाला आणि खोटे लेख घुसवले

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या भागात पीएचडी करणाऱ्या किंवा जर्नलला पेपर पाठवणाऱ्या प्रत्येकानं हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. सबमिशन जवळ आलं की 'एपीए, एमएलए सेटिंग करून मिळेल', म्हणजे या ठरलेल्या शैलींत संदर्भसूची लावून मिळेल, असे मेसेज विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरू लागतात. त्यातल्याच एकानं मला फसवलं.

माझा लेख 1981 च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनावर होता. त्याची साधनं तीन भाषांत विखुरलेली: मराठी साप्ताहिकं, कन्नड पुस्तकं, इंग्रजी नियतकालिकं, शिवाय 1884 चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर. जर्नलला एपीएची सातवी आवृत्ती हवी होती. बेळगावातल्या त्या डीटीपीवाल्यानं नोंदीमागे 20 रुपये सांगितले आणि निम्मे आगाऊ घेतले. "काळजी करू नका मॅडम, परवा देतो की." माझी अट एकच होती. आहे त्या नोंदी नीट लावायच्या, नवी घालायची नाही.

आधी पीडीएफ आली. दिसायला अगदी देखणी. नावं तिरप्या अक्षरांत, दुसरी ओळ आत सरकवलेली, जवळजवळ प्रत्येक नोंदीशेवटी डीओआय, म्हणजे लेख इंटरनेटवर शोधायचा कायमचा क्रमांक. वर्ड फाईल मात्र पूर्ण पैसे मिळाल्यावरच, म्हणाला. बिलात नोंदी वाढलेल्या होत्या. "यादी भरगच्च दिसली की पेपर लवकर घेतात, मॅडम." मुदत डोक्यावर होती, आणि फाईल त्याच्या ताब्यात. पैसे भरल्यावरच ती सुटली.

काही संदर्भ सापडत नाहीत, असं जर्नलच्या संपादकांनी कळवलं, तेव्हा मी एकेक नोंद तपासायला बसले. गॅझेटियरलाही डीओआय लावलेला! जुन्या ग्रंथांना तो नंतर देता येतो, हे खरं. पण हा क्रमांक डीओआय डॉट ओआरजीवर टाकला, तर तो कुठे नोंदलेलाच नाही. दुसरा एक उघडला, तर समोर वैद्यकशास्त्राचा लेख. आणखी एका नोंदीत इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचा 1958 चा अंक. ते साप्ताहिक या नावानं निघू लागलं 1966 साली. त्याआधी त्याचं नाव इकॉनॉमिक वीकली होतं. म्हणजे तो लेख कुणी लिहिलेलाच नाही. नाव, वर्ष, पानं, सगळं रचलेलं.

सगळ्यात संताप आला तो मराठी नोंदींचं केलेलं पाहून. साप्ताहिकांतल्या लेखांची मूळ शीर्षकं काढून त्यानं नुसती इंग्रजी भाषांतरं ठेवली होती. एपीएत मूळ शीर्षक रोमन लिपीत देतात आणि भाषांतर त्यापुढे चौकटी कंसात. मूळच गेलं, तर उद्या कुणी अभ्यासक तो अंक शोधणार कसा? सीमाभागातल्या या लेखांची आधीच कुठे धड सूची नाही.

विचारल्यावर उत्तर मिळालं, "सॉफ्टवेअरनं दिलंय, मी काय करू?" नंतर फोन उचलणंच बंद. हे अडाणीपणानं झालेलं नाही. पैसे नोंदीमागे असतील, तर प्रत्येक बनावट नोंद त्याची कमाई. आणि खोटा संदर्भ छापला गेला, तर संशोधनातल्या गैरप्रकाराचा ठपका लेखकावर येतो, सेटिंग करणाऱ्यावर नाही.

संदर्भसूची लावणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. डीओआय किंवा पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक घातला की ते नोंद स्वतः भरतं आणि शैली एका क्लिकवर बदलतं. मराठी-कन्नड नोंदी बहुतेक हातानंच भराव्या लागतात, पण भरलेल्या कायम राहतात. तरीही बाहेर काम द्यायचंच असेल, तर आगाऊ देऊ नका. पैसे ठरावीक रकमेत ठरवा, नोंदीमागे नको. फाईल वर्डमध्येच मागा, मूळ यादीशी ताळा करा आणि प्रत्येक डीओआय स्वतः उघडून बघा. तो माणूस वर्ड फाईल आधी दाखवायला तयार नसेल, तर तिथूनच परत फिरा.