धूळ-शैवाक ओळखायचं कसं: थेंब-चाचणी की टीएलसी?

गोव्यातल्या मोलेच्या रानात, कातळाच्या पाऊस न लागणाऱ्या बाजूला पांढुरकी-हिरवी पूड दिसली तर लेप्रारियाचा, म्हणजे धुळीसारख्या शैवाकांच्या (बुरशी आणि शैवाल मिळून बनलेल्या सजीवांच्या) एका वंशाचा, संशय घ्यावा. फळकाया (बीजाणू तयार करणारे भाग) नसल्याने भिंगाने प्रजाती ठरत नाही. त्यातली रसायनंच बघावी लागतात: एक तर द्रावणाचा थेंब टाकून रंग बघायचा (थेंब-चाचणी), नाहीतर प्लेटवर द्रावक चढवून घटक वेगळे करायचे (टीएलसी, म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी).

थेंब-चाचणी स्वस्त: १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ताजं ब्लीच. पण पूड पाणी झिडकारते, थेंब मोत्यासारखा वरच बसतो. म्हणून फिल्टर पेपरवर चिमूटभर पूड ठेवून ॲसिटोन सोडा, वाळलेल्या डागावर थेंब टाका. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने आलेला पिवळा रंग बहुधा ॲट्रानोरिन या शैवाक-रसायनाचा, आणि ते कित्येक प्रजातींत असतं!

टीएलसीला प्रयोगशाळाच हवी: सिलिका प्लेट, टोल्युइन, ॲसेटिक ॲसिड. गोव्याच्या दमट हवेत प्लेट आधी तापवली नाही तर ठिपके भलत्याच उंचीवर येतात.

प्राथमिक छाननीला थेंब पुरे. दुर्मीळ म्हणून नोंदवायचं तर टीएलसीच, आणि अभयारण्यातला नमुना वनखात्याच्या लेखी परवानगीनंतरच.