विमा कंपनीनं ठरवलेली खांद्याची तपासणी, मिसिसागा: पाचपैकी तीन तारे

सेवा: कॅनडातल्या ऑन्टॅरिओत गाडीच्या विम्याचा दावा चालू असताना कंपनी सांगेल त्या डॉक्टरांकडे जाऊन करून घ्यायची तपासणी. ठिकाण: विमानतळाजवळच्या ऑफिसांच्या पट्ट्यातलं एक असेसमेंट सेंटर. डॉक्टर: फिजिअॅट्रिस्ट (हालचाली आणि पुनर्वसनाचे तज्ज्ञ). मला पडलेला खर्च: शून्य. टॅक्सीसुद्धा कंपनीनंच पाठवली.

मी मिरजेची, इथं एका लाँग टर्म केअर होमच्या (कायम शुश्रूषा लागणाऱ्यांच्या निवासाच्या) स्वयंपाकघरात काम करते. हुरोन्टारिओ स्ट्रीटवर सिग्नलला उभी असताना मागून गाडी आदळली. मान यथावकाश सुटली, पण उजवा खांदा मात्र आखडतच गेला. अल्ट्रासाउंडमध्ये स्नायुबंध अर्धवट फाटल्याचं दिसलं, तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी कागदावर पुरावा आला. पण इथला नियम असा की स्नायू किंवा स्नायुबंध अर्धवट फाटला असेल तर ती 'मायनर इंज्युरी'. पूर्ण फाटला तरच ती त्या चौकटीबाहेर जाते. आणि मायनर म्हटलं की सगळ्या उपचारांना मिळून 3,500 डॉलर. फिजिओथेरपी, मसाज, त्यांचे फॉर्म भरायचे पैसे, सगळं त्यातच. माझ्या फिजिओनं पुढच्या उपचारांचा ओसीएफ-18 (उपचारांच्या मंजुरीसाठीचा फॉर्म) पाठवला, कंपनीनं तो नाकारला आणि तपासणीचं पत्र धाडलं. पगाराच्या बदली जे पैसे मिळतात (एकूण पगाराच्या 70 टक्के, पण आठवड्याला फार तर 400 डॉलर, आणि पहिल्या आठवड्याचे काहीच नाहीत) ते चालू ठेवायचे की नाही, तेही याच तपासणीवर ठरणार होतं.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं होतंच. वेळ म्हणजे वेळ. आपल्या फॅमिली डॉक्टरकडे दहाची अपॉइंटमेंट असली की अकरापर्यंत बसायची सवय झालेली असते, इथं घड्याळाच्या ठोक्याला नाव पुकारलं. हातात संमतीपत्र दिलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं की हे डॉक्टर तुमच्यावर उपचार करणार नाहीत, तुमच्यात आणि त्यांच्यात डॉक्टर-पेशंटचं नातं नाही, अहवाल कंपनीला जाईल. रात्री फोनवर आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "औषध नाही, गोळी नाही, मग गेलीस कशाला?" मिरजेत सगळी हयात काढलेल्या बाईला, जिथं गल्लोगल्ली दवाखाने, तिथं तपासून नुसतंच घरी पाठवणारा डॉक्टर समजावून सांगणं काही मला जमलं नाही.

डॉक्टर मोजकं बोलणारे, पण तुसडे नव्हते. फेब्रुवारी होता, अंगावर जाड कोट. तो काढताना ते टेबलामागून बघत होते, हे माझ्या लक्षात आलं. मी डावी बाही आधी काढते, मग डाव्या हातानं उजवी ओढते. त्यांनी ते टिपून घेतलं आणि अहवालात तसंच्या तसं आलं. लोक म्हणतात बघा, तिथं गेल्यावर पार्किंगपासून नजर असते. असू दे की. खरोखर दुखत असेल तर कोटसुद्धा तुमच्याच बाजूनं साक्ष देतो.

मग कोनमापकानं दोन्ही खांदे मोजले. आधी मी स्वतः हात वर नेला, मग त्यांनी माझा हात धरून वळवला. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. दुखतं म्हणून माणूस हात उचलत नाही, ते वेगळं. दुसऱ्यानं धरून वळवला तरी सांधा पुढे जातच नाही, ते वेगळं. गोठलेल्या खांद्यात (फ्रोझन शोल्डर) दुसरं होतं, आणि हात बाहेरच्या बाजूला वळवणं सगळ्यांत आधी जातं. माझा डावा हात छान वळला, उजवा सुरुवातीलाच अडला. त्यांनी पुन्हा एकदा वळवून खात्री केली, कोपर अंगाशी धरलं, घाई केली नाही. मुठीची ताकद यंत्रावर मोजली, दोन्ही हातांची, आलटून पालटून. दुखलं तर लगेच सांगा, मी थांबेन, असं ते दोनदा बोलले आणि खरंच थांबलेही. तासाभरात सगळं आटोपलं.

मला मधुमेह आहे. गोठलेला खांदा मधुमेहींमध्ये जास्त आढळतो, हे त्यांनी स्वतःहून अहवालात लिहिलं. याचा उपयोग असा की मधुमेहासारखा आजार अपघाताच्या आधीपासून डॉक्टरांच्या नोंदीत असेल, आणि त्याच्यामुळे 3,500 डॉलरच्या मर्यादेत पुरतं बरं होणं शक्य नसेल, तर नियमाप्रमाणे ती मर्यादा उठते. माझ्या फॅमिली डॉक्टरच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षांचे शुगरचे रिपोर्ट होते, आणि ती फाइल या डॉक्टरांसमोर होती. हे कसं कळलं? अहवालाच्या सुरुवातीला वाचलेल्या कागदांची यादी असते. तुमचा अहवाल आला की निष्कर्षाकडे उडी मारण्याआधी ही यादी वाचा. जो कागद यादीत नाही, तो डॉक्टरांनी पाहिलेला नाही. उपचारांची मर्यादा उठली. इथंपर्यंत पाच तारे.

दोन तारे गेले ते पुढच्या प्रश्नावर. "ही बाई आपल्या नोकरीतली मुख्य कामं करू शकते का?" पहिले 104 आठवडे कसोटी हीच असते, तुमच्या स्वतःच्या नोकरीची. (त्यानंतर ती कडक होते: तुमचं शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभव पाहता जमण्यासारखं कुठलंच काम जमत नाही, असं दिसावं लागतं.) डॉक्टरांनी उत्तर दिलं: करू शकते. का? कारण माझ्या कामाबद्दल त्यांच्याकडे एकच ओळ होती, "किचन एड, हलकी कामं." मला त्यांनी विचारलं काय करता म्हणून, मी सांगितलं जेवणाचे ट्रे लावते, सूप वाढते. पुढचा प्रश्न आला नाही. सुपाचं भांडं केवढं, ट्रे किती, वरच्या फळीवर भांड्यांचे रॅक कोण चढवतं, शिफ्टमध्ये कितीदा, यातलं काहीच नाही. एकदा मूठ आवळून यंत्रावर आकडा आणणं आणि दुपारच्या जेवणाला शंभरावर ट्रे उचलणं यात फरक आहे, आणि त्या खोलीत तो मोजायचं साधन नव्हतं.

डॉक्टरांवर माझा राग नाही. कंपनीच्या प्रश्नपत्रिकेत जे होतं त्याची उत्तरं त्यांनी दिली. भात शिजला का विचारलं तर आमटीत मीठ कमी आहे हे कोण सांगणार? एका तपासणीला आणि तिच्या अहवालाला मिळून 2,000 डॉलरची कमाल मर्यादा आहे, ती कोणीही मागवली तरी. तेवढ्यात ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन बघतील अशी अपेक्षा मी ठेवत नाही. पण कंपनीच्या ज्या माणसानं "हलकी कामं" लिहिलं, त्यानं माझ्या सुपरवायझरला एक फोन करायला काय हरकत होती?

पैसे थांबले. मग सुपरवायझर बाईंनी लेटरहेडवर माझ्या कामाचं वर्णन लिहून दिलं: भांड्यांची वजनं, फळीची उंची, ट्रॉली ढकलायचं अंतर. माझ्या फिजिओनं खांद्याचे ताजे कोन जोडले. ते सगळं पाठवून मी लेखी मागणी केली की याच डॉक्टरांना हे कागद दाखवून पुरवणी अहवाल घ्या. घेतला. आणि डॉक्टरांनी मत बदललं, साध्या दोन परिच्छेदांत, कुठलीही आढ्यता न दाखवता. यासाठी मी त्यांना मनातून एक तारा परत दिला, पण रेटिंग सेवेचं आहे, माणसाचं नाही. थांबलेले पैसे मिळाले. नसते मिळाले तर लायसेन्स अपील ट्रायब्युनलकडे (विम्याचे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) जायचं होतं, त्याला नकारापासून दोन वर्षं असतात.

ज्यांच्या हातात आत्ता असं पत्र असेल त्यांच्यासाठी. जायचं नाही असं ठरवू नका. सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर पैसे थांबवायचा हक्क कंपनीला मिळतो. पत्रात तपासणीची वैद्यकीय आणि इतर कारणं, डॉक्टरांचं नाव आणि त्यांची शाखा लिहिलेली हवी, आणि पत्र निदान पाच कामाचे दिवस आधी हवं. "आमच्या फाइलनुसार" एवढंच कारण दिलं असेल तर लेखी विचारा. अहवाल कंपनीला मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची तपासणी असेल तर दुभाषा आधीच मागा, आणि हिंदी चालेल का असं विचारलं तर नाही म्हणा, मराठीच हवा म्हणा. आणि कामाचं वर्णन असलेलं पत्र सुपरवायझरकडून आधीच घेऊन पाठवा, तपासणीनंतर नाही.

आणखी एक, थोडं विषयाबाहेरचं. 1 जुलै 2026 पासून ऑन्टॅरिओत पगाराच्या बदलीचे हे पैसे गाडीच्या विम्यात ऐच्छिक होताहेत, उपचारांचे, पुनर्वसनाचे आणि शुश्रूषेचे मात्र सक्तीचे राहतील. नूतनीकरणाचा कागद आला की ब्रोकर हप्ता कमी झाल्याचं कौतुक आधी सांगेल. त्याला विचारा, नक्की काय काढून कमी झाला.