आरव्ही ४०० की बीआरझेड: ॲपसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

इलेक्ट्रिक मोटारसायकलमध्ये ॲपची किंमत नेमकी किती, हे पाहायला रिव्होल्ट कंपनीच्या दोन गाड्या शेजारी ठेवाव्यात. आरव्ही ४०० बाजारात आली २०१९ मध्ये, आणि ॲपचा तेव्हा बराच गाजावाजा झाला. जानेवारी २०२४ मध्ये आलेली बीआरझेड म्हणजे तीच गाडी, फक्त ॲप काढून टाकलेली. दोन्हींची बॅटरी ३.२४ किलोवॉट-तासाची, काढून घरात नेता येणारी. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे एका चार्जमध्ये इको मोडवर १५० किलोमीटर, स्पोर्टवर ८०. ॲप असलं म्हणून रेंज वाढत नाही. बीआरझेडची किंमत लाँचच्या वेळी १.३८ लाख (एक्स-शोरूम) होती, ॲपवालीपेक्षा साधारण पाच हजारांनी कमी.

त्या पाच हजारांत ॲपवरून लावता येणारा कृत्रिम सायलेन्सरचा आवाज मिळतो, पण ती चार दिवसांची हौस आहे. फोनवरून गाडी चालू करण्याचंही मला अप्रूप नाही. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसतं. सकाळी ऑफिसची घाई असताना स्क्रीनवर गोल फिरत राहतं आणि शेवटी हात खिशातल्या किल्लीकडेच जातो. नकाशा तर फोनमध्ये असतोच.

खरा मुद्दा चोरीचा आहे. इथे शोरूममध्ये एक गोष्ट खोदून विचारा: गाडीत स्वतःचं सिमकार्ड आहे की नुसतं ब्लूटूथ? ब्लूटूथ तुम्ही गाडीजवळ असेपर्यंतच चालतं. गाडी रस्त्यावर उभी आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर, तेव्हा ते काहीच कळवत नाही. सिम असेल तर गाडी कुठे आहे ते कळतं, ठरवलेल्या हद्दीबाहेर गेली की सूचना येते. अल्ट्राव्हायोलेट कंपनीच्या एफ७७ या इलेक्ट्रिक मोटारसायकलमध्ये तर गाडी हलली किंवा पडली तरी फोनवर कळतं, दुरून लॉकही करता येते. ही सोय पैसे देण्याजोगी आहे.

पण सिमला डेटा लागतो, आणि तो कायम फुकट मिळेलच असं नाही. शिवाय सर्व्हर कंपनीचा. नेदरलँड्सच्या व्हॅनमूफ या ई-सायकल कंपनीचं जुलै २०२३ मध्ये दिवाळं निघालं, तेव्हा आपलीच सायकल उघडता येईल की नाही या चिंतेने ग्राहकांची धावपळ झाली. सायकल फोनवरून उघडायची, आणि त्यासाठीची डिजिटल किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून येत होती. शेवटी काउबॉय या स्पर्धक कंपनीने ती किल्ली फोनमध्ये जपून ठेवणारं ॲप काढून दिलं.

म्हणून गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल किंवा घरातली दोन-तीन माणसं ती वापरत असतील, तर ती कुठे आहे ते कळावं म्हणून सिमवाली घ्या. कुलूपबंद पार्किंग आणि रोजचा ठरलेला रस्ता असेल तर बीआरझेड पुरेशी आहे. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि डिस्कलॉक (चाकाच्या ब्रेक-डिस्कला लावायचं कुलूप) दोन्ही येतात. ॲपवालीच आवडली असेल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: डेटा किती वर्षं मोफत, त्यानंतर वर्षाला किती, आणि ॲप बंद पडलं तर नुसत्या किल्लीवर गाडी चालू होते का.